सेकंदाला पाच ठोके

ग्वायमास, २५ जानेवारी १९९९

चानोदादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार पानं आहेत, पण विचारलं आहेस एकच. बाबांना आता ऐकू येत नाही, आणि हे गावाला कळायच्या आत मी होडीसाठी मासे शोधणारं सोनार यंत्र देईन का? देते.

उरलेल्या साडेतीन पानांना थोडक्यात उत्तर. दोन वर्षांत मी घरी आले नाही, हे खरं आहे. बंदरात माशांच्या हंगामातच यंत्रं बिघडतात आणि मला तेव्हाच सुट्टी मिळत नाही. आणि बाईचा पाय लागला की जाळं फाटतं असं तुम्ही लोक मानता, त्यामुळे मी बसवायला यावं हा प्रश्नच नव्हता. होडीला नाव मात्र आईचं चालतं.

यंत्र जुनं आहे. मोडीत निघालेल्या कोळंबीच्या बोटीवरचं आहे, मी दुरुस्त केलं. गुरुवारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. खोक्यात एक पडद्याचा डबा, एक केबल आणि तिच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा आहे. तो ठोकळा आवाज पाण्यात सोडतो आणि परत आलेला आवाज पकडतो. सगळी कामगिरी त्याच्या जागेवर अवलंबून आहे, म्हणून पुढचं दोनदा वाच.

ठोकळा होडीच्या मागच्या फळ्यावर, उजव्या बाजूला बसव. मोटरच्या पंख्यापासून निदान चाळीस सेंटीमीटर दूर. त्याच्यासमोर तळाला कुठलीही पट्टी किंवा खिळा येता कामा नये, नाहीतर त्यामागे बुडबुडे निघतात आणि बुडबुड्यांतून आवाज जात नाही. ठोकळ्याची खालची कड तळापेक्षा तीन मिलिमीटर खाली हवी. स्क्रूसाठी चार भोकं पाडशील त्या प्रत्येकात मी दिलेली पांढरी लुकण भर आणि मगच स्क्रू पिळ. आपला फळा वरून फायबर असला तरी आत प्लायवूड आहे. त्यात पाणी शिरलं तर दोन हंगामांत तो कुजेल आणि एक दिवस मोटरसकट समुद्रात जाईल. केबल मोटरच्या तारांबरोबर नेऊ नकोस आणि वळणाला थोडी सैल सोड.

बाबांना सांगायचं नाही, हे तुझं तू ठरवलं आहेस. ते वल्ह्याची मूठ दाढांत धरतात, पातं पाण्यात सोडतात, माशाचा आवाज ऐकतात आणि हॅट वर केली की चाळीस होड्या जाळी टाकतात. तीस वर्षं हे चाललं. त्यात ऐकणं किती होतं आणि अनुभव किती, हे कुणी मोजलेलं नाही. आता ऐकणं गेलं असेल तर अनुभवाला पडद्याची जोड मिळेल. तू होडी बरोबर माशांवर नेऊन थांबव. ते हॅट वर करतील ती बरोबरच ठरेल.

नुबिया

*

पुंता ओनोफ्रे, १५ फेब्रुवारी

नुबिया बाईसाहेब,

खोकं पोचलं. ड्रायव्हरने वर भाडंही मागितलं, म्हटलं बहिणीकडून घे, ती मोठी तंत्रज्ञ आहे, मी साधा मच्छीमार.

तुझी साबणाची वडी बसवली. रविवारी बाबा प्रार्थनेला गेले तेव्हा. होडी वाळूत ओढलेली होती, तरी तिबुर्सियो आलाच नाक खुपसायला. "काय रे चानो, होडीला आंघोळ घालतोयस?" म्हटलं, "हो, तुझ्या होडीसारखा वास यायला नको." बाबांना सांगितलं, मोटरला गंज चढू नये म्हणून जस्ताची वडी लावलीय. त्यांनी वाकून पाहिलं, बोटाने टिचकी मारली आणि मान हलवली. काय समजले देव जाणे. हल्ली सगळ्यालाच मान हलवतात.

तू म्हणशील मी अतिशयोक्ती करतो. तर ऐक. परवा मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभा राहून "बाबा, जेवायला चला" म्हणून तीनदा ओरडलो. जाळं शिवत राहिले. चर्चची घंटा त्यांना ऐकू येत नाही, लोक उठले की उठतात. लहानपणापासून कान वाहायचेच, आता पार गेले.

पण वडी मी डावीकडे लावली. रागावू नकोस. उजवीकडे बाबा बसतात. तीस वर्षं त्याच फळीवर, तिथेच वल्हं. त्यांच्या ढुंगणाखाली केबल कशी नेऊ?

शुक्रवारी ओहोटीला गेलो. अमावास्येला चार दिवस होते, मासा यायचा तेव्हाच येतो. होडी पळायला लागली की तुझ्या पडद्यावर नुसतं धुकं. थांबली तरी काही दिसेना, मग मी वैतागून डबा बंदच केला आणि वर पोतं टाकलं. मोटर थांबवली. बाबांनी वल्हं सोडलं, मूठ दाढांत धरली, डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आज चाळीस होड्यांसमोर शोभा होणार. एवढ्यात हॅट वर! आणि काय सांगू, नुबे, जाळं वर येईना इतकं भरलं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या बाजारात कोर्विना माशाला सोन्याचा भाव आहे. तिबुर्सियो ओरडला, "अहो काका, मासा माझ्या बायकोबद्दल काय म्हणाला?" बाबांना अर्थातच ऐकू आलं नाही.

आंधळ्याने दगड मारला आणि लागला. पण दर वेळी लागणार नाही. ते धुकं कसं घालवू ते कळव.

तुझा अडाणी भाऊ,
चानो

*

ग्वायमास, २० फेब्रुवारी

चानोदादा,

मी "उजव्या बाजूला" लिहिलं होतं ते शोभेसाठी नव्हतं. आपल्या मोटरचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. उजवीकडे त्याची पाती वरून खाली जातात, डावीकडे खालून वर येतात आणि येताना फेस वर आणतात. तू ठोकळा नेमका फेसात ठेवला आहेस. धुकं म्हणजे तो फेस आहे.

तो काढ आणि उजवीकडे लाव. डावीकडची चारही भोकं खरवडून कोरडी कर आणि राळ भरून बुजव. नुसती लुकण थापू नकोस. केबलचं म्हणशील तर बाबांना पुढच्या फळीवर बसव. माणूस हलवता येतो, पंख्याची दिशा बदलता येत नाही.

थांबल्यावरही दिसत नव्हतं याचं कारण वेगळं आहे. यंत्र सेकंदाला एकच ठोका सोडत होतं. ते मी मुद्दाम कमी ठेवलं होतं, बॅटरी वाचावी म्हणून. आपली खाडी उथळ आहे, प्रतिध्वनी लवकर परत येतो, तेव्हा वाढवायला हरकत नाही. डब्याच्या मागचं बटण पाचवर आण. सेकंदाला पाच ठोके. मग माशांचा थवा तुला काळ्या ढगासारखा सलग दिसेल. आणि होडी थांबली की डबा बंद करू नकोस. थांबल्यावरच तो नीट पाहतो.

शुक्रवारच्या हॅटबद्दल: एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही. अमावास्येआधी चार दिवस, ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी मासा असतोच. कुणीही कुठेही हॅट वर केली असती तरी शक्यता चांगली होती.

बाबांना कानांच्या डॉक्टरकडे नेलंस का? हे मी विचारलं नव्हतं असं तू म्हणू नयेस म्हणून विचारते आहे.

नुबिया

*

पुंता ओनोफ्रे, ४ मार्च

नुबिया,

जिंकलीस. हरलो. तुझा पुतळा उभारतो वाळूत.

सगळं तू सांगितल्याप्रमाणे केलं. उजवीकडे, चाळीस सेंटीमीटर, तीन मिलिमीटर, लुकण, राळ, पाचवर बटण. फक्त बाबा हलले नाहीत. मी पुढची फळी दाखवली तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना गाढवावर बसायला सांगतोय. त्यामुळे केबल त्यांच्या फळीखालून गेली आणि वडी आता त्यांच्या वल्ह्यापासून वीतभर अंतरावर आहे.

आणि पडदा! अगं, पौर्णिमेआधीच्या रविवारी ओहोटी लागली आणि तळापासून वर नुसता काळा ढग. मी होडी बरोबर त्याच्यावर आणून थांबवली. वाट बघतोय, आता हॅट वर होईल. बाबांनी वल्हं सोडलं. दाढांत धरलं आणि लगेच काढलं. मुठीकडे पाहिलं. थुंकले. पुसून परत धरलं. परत काढलं. असं चार वेळा. चाळीस होड्या टक लावून बसलेल्या, ओहोटी निघून चाललेली, खाली दोन टन मासा, आणि हॅट डोक्यावरच.

शेवटी मीच उभा राहिलो आणि माझी टोपी वर केली.

आधी हसले सगळे. तिबुर्सियो म्हणाला, "अरे, पोराला दाढा फुटल्या वाटतं!" मग जाळी ओढली आणि हसणं बंद झालं. सोमवारी पुन्हा तेच. मंगळवारी कुणी बाबांकडे पाहिलंच नाही, सगळे माझ्याकडे पाहत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा.

बाबा घरी आल्यावर गालाला हात लावून बसले. म्हणतात दाढेत ठोके पडतात. ठक ठक ठक. लवंग दाबली, टकिलाने चूळ भरली, फरक नाही.

कानांच्या डॉक्टरचं: ते म्हणतात मला काय ऐकायचंय तुमचं? बोल आता.

चानो

*

ग्वायमास, १० मार्च

चानोदादा,

पडद्याचं वर्णन वाचलं. बसवणं बरोबर झालं आहे. स्क्रू महिन्यातून एकदा तपास.

दाढदुखी अंगावर काढू देऊ नकोस. या वयात मुळाशी पू होतो आणि ठोके पडल्यासारखं वाटतं, आपल्याच नाडीचे. शहरात नेऊन दाखव. दाढ किडली असेल तर काढून टाकलेली बरी, ठेवून काही उपयोग नसतो. सोबत पैसे पाठवते आहे.

लोक तुझ्याकडे पाहू लागले, हे ठीक आहे. पण हे यंत्र बाबांची जागा राखायला मागवलं होतंस, एवढं लक्षात असू दे.

नुबिया

*

पुंता ओनोफ्रे, २१ मार्च

नुबिया,

दाढा काढल्या. एक नाही, चार.

सविस्तर लिहितो, कारण तूच न्यायला सांगितलंस. अकरा दिवस आधी, तुझं पत्र यायच्याही आधी, ते गावातल्या गावात सुईणीकडे जाऊन धुरी घेऊन आले होते. मग तुझे पैसे आले, मी शहरात नेलं. दातवाल्याने आरसा घालून पाहिलं. म्हणाला, "या माणसाच्या दाढा घोड्यासारख्या आहेत, मी का काढू?" बाबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी टेबलावर बोटाने ठोके वाजवून दाखवले. असे, असे, असे. दातवाला गंमत म्हणून घड्याळ काढून मोजायला लागला. दहा सेकंदांत पन्नास. म्हणाला, "नाडी नाही ही. एवढी नाडी असती तर हे मेले असते." तरी बाबा उठेनात. शेवटी त्याने डावीकडच्या दोन काढल्या, ज्यांत ते मूठ धरतात त्या.

अमावास्येआधी परत गेलो. तोंड सुजलेलं, तरी आले. उजवीकडच्या दाढांत मूठ धरली. तेच ठोके. होडीतून उतरले ते तडक बसमध्ये बसले आणि एकटेच जाऊन उजवीकडच्या दोन काढून आले. रक्ताचा रुमाल घेऊन दारात उभे होते.

आता म्हणतात ठोके दाढेत नाहीत, होडीत आहेत. कारण घरी येत नाहीत, वाळूत येत नाहीत, फक्त मूठ तोंडात धरली की येतात. म्हणतात, "रोसाउरा मला उतर म्हणते आहे." होडी म्हणायची आहे की आई, कळलं नाही. विचारलं तर ऐकू येत नाही.

गुरुवारपासून ते होडीवर येत नाहीत. किनाऱ्यावर पालथ्या होडीला टेकून बसतात. मी एकटा जातो आणि एकोणचाळीस होड्या माझ्यामागे येतात. पुढच्या आठवड्यात पवित्र सप्ताह, भाव दुप्पट होईल.

तू काळजी करू नकोस. वय झालं होतं त्यांचं. आज ना उद्या हे व्हायचंच होतं.

चानो

*

ग्वायमास, २६ मार्च

दादा,

हे पत्र बसून वाच आणि पूर्ण वाच.

दहा सेकंदांत पन्नास म्हणजे सेकंदाला पाच. बटण पाचवर ठेवायला मी सांगितलं होतं. बाबांना जे ऐकू येत होतं तो तुझ्या वडीचा ठोका आहे.

यंत्राचा मूळ आवाज इतका बारीक असतो की माणसाला ऐकू येत नाही. पण प्रत्येक ठोक्याला ठोकळा स्वतः किंचित हादरतो आणि त्याची टिकटिक होते. कार्यशाळेत ठोकळा कानाशी धरला की ती ऐकू येते. मला ती रोज ऐकू येते. तो फळ्याला स्क्रूने आवळला आहे, पाण्यात आहे आणि वल्ह्यापासून वीतभर आहे. मी त्याला तिथे हलवायला लावलं.

दुसरी गोष्ट. बाबा बहिरे आहेत ते हवेतल्या आवाजाला. त्यांच्या कानांचे पडदे लहानपणी पू होऊन गेले. आतला कान शाबूत आहे. वल्हं दाढांत धरलं की पाण्यातला आवाज लाकडातून जबड्याच्या हाडात जातो आणि हाडातून थेट आतल्या कानात. त्याला पडदा लागत नाही. फेब्रुवारीत डबा बंद होता आणि त्यांनी हॅट वर केली. तो आंधळ्याचा दगड नव्हता. त्यांना मासा ऐकू आला होता. जगातला तेवढा एकच आवाज त्यांना ऐकू येत होता आणि आपण त्यावर टिकटिक लावून ठेवली. मग त्या टिकटिकीसाठी त्यांच्या दाढा काढवल्या. काढून टाकलेल्या बऱ्या, हे माझे शब्द आहेत.

मला हे आधी कळायला हवं होतं, आणि शिकले म्हणून नव्हे. मी नऊ वर्षांची होते, तू तेरा. आई आजारी होती, म्हणून बाबांनी मलाही होडीत घेतलं होतं. तुझी परीक्षा होती. तू वल्हं दाढांत धरलंस, बराच वेळ धरलंस आणि काही ऐकू येत नाही म्हणालास. तू रडत होतास. मग त्यांनी मला धरायला दिलं. मला ऐकू आलं. खूप लांब शंभर मांजरं गुरगुरत असावीत तसं, मग जवळ, मग अगदी पायाखाली. मी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, काही नाही.

पुढे शाळेत गेल्यावर मी स्वतःलाही तेच सांगितलं. वल्ह्याने मासा ऐकू येतो हे म्हाताऱ्यांचं म्हणणं आहे, असं मी वर्गात बोललेली आहे.

आता काय करायचं ते. पौर्णिमा बुधवारी आहे. ओहोटीला त्यांना घेऊन जा. डबा बंद कर. नुसता झाकू नकोस, बॅटरीची तार काढ. वल्हं त्यांच्या हातात दे. दाढा नाहीत, तर मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरायला सांग, खुणेने. आणि हॅट वर होईपर्यंत तू टोपीला हात लावू नकोस. त्यांना खरं काय ते सांग. यंत्र कुणी पाठवलं तेही सांग.

जखम ओली असताना हे करायला लावते आहे, हे मला कळतं. पण जितका उशीर होईल तितके ते स्वतःवर अविश्वास ठेवायला शिकतील.

नुबिया

*

ग्वायमास, ९ एप्रिल

दादा,

पौर्णिमा होऊन गेली. पवित्र सप्ताह होऊन गेला. तुझं पत्र नाही. आमच्या बाजारात पुंता ओनोफ्रेची कोर्विना बर्फाच्या तीन ट्रकांतून आली, म्हणजे तू समुद्रावर गेला होतास.

काय झालं ते लिही.

नुबिया

*

पुंता ओनोफ्रे, १८ एप्रिल

नुबिया,

तुझं पत्र मला तीस तारखेलाच मिळालं होतं. खिशात ठेवलं. सप्ताहाचे सहा दिवस वर्षाची भाकरी देतात आणि एकोणचाळीस घरं माझ्या टोपीकडे बघत होती. तार काढायची आणि समज, म्हातारा चुकला तर? तू तिथे ग्वायमासला बसून लिहितेस. इथे शिव्या मला खायच्या असतात.

हे एक कारण. दुसरं तुला माहीत आहे, तू मोठी हुशार आहेस. वीस वर्षं मी त्यांच्या मागे बसून मोटर चालवली. लोक म्हणायचे, "एवारिस्तोचा पोरगा, बिचारा, त्याला नाही ऐकू येत." आता कुणी बिचारा म्हणत नाही. आणि तू लिहितेस की तुला ऐकू आलं होतं आणि तू माझ्यावर दया केलीस. नऊ वर्षांच्या पोरीने! ते वाचून मी ते पत्र फाडणार होतो.

नाही फाडलं. अमावास्येआधीच्या गुरुवारी त्यांना घेऊन गेलो. हाताला धरून न्यावं लागलं. बाकीच्यांना सांगितलं, आज आपण लांब जातोय, मागे येऊ नका. तार काढली, त्यांना काढलेली दाखवली. वल्हं दिलं.

आधी त्यांनी मूठ तोंडातच धरली. सवय. हिरड्यांत धरायला गेले, निसटली, रक्त आलं. मग मी कानामागे दाबायची खूण केली. खूप वेळ धरून बसले. डोळे मिटलेले. ओहोटी अर्धी गेली. मला खाली मासा आहे की नाही ते ठाऊक नव्हतं, तारच काढली होती ना.

मग म्हणाले, "आहेत." मला इतकं बरं वाटलं. मग म्हणाले, "शेजारच्या घरात लग्न असल्यासारखं. भिंतीपलीकडे. किती आहेत, कुठे आहेत, काय कळणार?" वल्हं होडीत आडवं ठेवलं आणि माझ्या डब्याकडे बोट केलं. "लाव तुझं जस्त."

घरी आल्यावर तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून दाखवता येत नाही, तर काय करू? एक तास वाचत होते, ओठ हलवत. तुझ्या होडीतल्या गोष्टीपाशी आले तेव्हा बोट ठेवून थांबले. म्हणाले, "हे मला तेव्हाच कळलं होतं. वल्ह्यावर तिची बोटं चालत होती, माशाच्या तालावर."

मी पाटीवर लिहून विचारलं, मग तिला होडीवर का नाही घेतलंत?

म्हणाले, "बाई म्हणून नाही. गावाची तोंडं मी बंद केली असती. पण ऐकू आलं असून नाही म्हणणाऱ्याच्या हॅटवर चाळीस होड्या कशा सोडू? ओहोटी माणसाच्या भावनांसाठी थांबते का?"

मी जसं ऐकलं तसं लिहिलं. गोड करून लिहायचं होतं, जमलं नाही.

शनिवारी सकाळी पाहिलं तर घरात वल्हं नव्हतं. विचारलं तर ऐकू येत नाही म्हणाले. ऐकू येत नाही असं ते पहिल्यांदाच म्हणाले.

यंत्र मी काढत नाही. आता काढून काय करू?

चानो

*

ग्वायमास, २७ एप्रिल

दादा,

वल्हं माझ्याकडे आलं आहे. बसच्या टपावर बांधून, पोत्यात गुंडाळून. पत्ता आपल्या गावच्या बसथांब्यावरच्या टपरीवालीच्या अक्षरात आहे. आत चिठ्ठी नव्हती.

यंत्र काढू नकोस. तुझं बरोबर आहे, आता काढून उपयोग नाही. फक्त महिन्याभरात डावीकडची जुनी भोकं बोटाच्या नखाने दाबून बघ. राळ मऊ लागली तर आत पाणी गेलं आहे. मग फळा उघडून वाळवावा लागेल. ते टाळू नकोस.

बाबांनी माझ्याबद्दल जे म्हटलं ते तू गोड केलं नाहीस, हे बरं केलंस. त्यात चूक काढायला मला काही सापडलं नाही.

मुठीवर दाढांच्या खुणा आहेत. दोन्ही बाजूंना खोल खड्डे, सगळ्यात खोल नऊ मिलिमीटर. त्यांच्या पुढे, टोकाजवळ, चार बारीक खुणा आहेत. त्या माझ्या आहेत असं मी धरून चालते. मोजून सिद्ध करता येणार नाही, तेव्हाचे दात आता नाहीत.

रविवारी कार्यशाळा बंद होती. पहाटे धक्क्यावर कुणी नव्हतं. मी शेवटच्या पायरीवर बसले, पातं पाण्यात सोडलं आणि मूठ दाढांत धरली. बरोबर धरली, मला आठवत होतं. अर्धा तास बसले.

मासा ऐकू आला नाही. बंदरात कोळंबीच्या बोटी उभ्या होत्या आणि त्यांतल्या कित्येकांची यंत्रं चालू राहिलेली होती. टिकटिक टिकटिक, प्रत्येकाची वेगळी. काहींचा वेग ओळखीचा होता, कारण मीच लावून दिला होता.

मी मोजलं. सतरा.

नुबिया